दमसास ऐकायचा: समकालीन विंड क्विंटेटच्या पहिल्या मैफलीची तयारी

शास्त्रीय गाणं, नाट्यसंगीत, भावगीतं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला समकालीन पाश्चात्त्य संगीताची पहिली मैफल जड जाते, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कान सवयीनं सा शोधतो. तानपुरा नसतो, म्हणून सा सापडत नाही. मग तो सम शोधतो. तबला नाही, ठेका नाही, तेव्हा समही हाती लागत नाही. पाच-सात मिनिटं असं चाचपडून झालं की माणूस घड्याळाकडे बघायला लागतो आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून टाकतो.

अशा श्रोत्यानं सुरुवात विंड क्विंटेटपासून करावी असं मला ठामपणे वाटतं. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बासून या पाच सुषिर वाद्यांचा हा संच. पाचही वाद्यं फुंकूनच वाजतात, त्यामुळे रचना कितीही नवी असो, सूर कितीही अनोळखी असोत, प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी छातीतल्या हवेवर चाललेलं असतं. हवा संपली की वाक्य संपतं किंवा दुसऱ्याकडे जातं. गवयाचा दमसास ओळखणारा कान आपल्याकडे आधीपासून तयार आहे. तोच इथे वापरायचा. पुढे जे सांगितलं आहे ते याच एका धाग्यानं.

पाच आवाज वेगळे ओळखा

हे काम सगळ्यांत आधी करायचं आणि त्याला घाई करायची नाही. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असतात. चारही तारेची, गजानं वाजणारी वाद्यं, त्यामुळे त्यांचे आवाज सहज एकजीव होतात. विंड क्विंटेटमध्ये तसं होत नाही. पाचही वाद्यांची घडण आणि आवाज वेगळा आहे, आणि संगीतकार या वेगळेपणावरच रचना उभी करतात.

फ्लूटला पात, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, नसते. ओठांतून सुटलेला झोत भोकाच्या कडेवर आपटतो आणि नाद निघतो. आपल्या बासरीचंच तत्त्व. आज वाजतो तो धातूचा फ्लूट मुळात थिओबाल्ड बोम या जर्मन वादक-कारागिरानं १८४७ मध्ये पक्क्या केलेल्या घडणीचा आहे. फ्लूटमध्ये बरीचशी हवा नुसतीच निसटून जाते, म्हणून फ्लूटवाला वरचेवर श्वास घेताना दिसतो.

ओबो सनईच्या नात्यातला. दोन पात्या एकमेकींवर बांधलेल्या आणि त्यांच्यामधल्या बारीक फटीतून हवा आत जाते. फट इतकी अरुंद की फार थोडी हवा खर्च होते, मात्र दाब भरपूर लागतो. त्यामुळे ओबोवाल्याची अडचण उलटीच. त्याची हवा संपत नाही, छातीत शिळी होऊन साचते. लांब वाक्य संपलं की त्याला आधी ती बाहेर सोडावी लागते आणि मगच नवी आत घेता येते. जवळ बसलात तर हे डोळ्यांनी दिसतं: वाद्य ओठांपासून जरा सुटतं, खांदे खाली येतात, मग वर जातात. हे दोन हिस्स्यांचं श्वास घेणं एकदा लक्षात आलं की ओबोची वाक्यं वेगळी ऐकू येऊ लागतात.

क्लॅरिनेट मराठी कानाला लग्नाच्या बँडमुळे ठाऊक आहे, पण इथला क्लॅरिनेट पुष्कळ हळुवार असतो. एकच पात, नळी सरळ दंडगोल. या घडणीमुळे एक गंमत होते. बहुतेक फुंकवाद्यांत त्याच बोटांनी पुढचा सूर काढला की वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. क्लॅरिनेटमध्ये मात्र सा वरून थेट वरच्या सप्तकातला पंचम लागतो. म्हणून याचा खालचा आवाज आणि वरचा आवाज जणू दोन निराळ्या वाद्यांचे वाटतात: खाली काळोखा, भरीव आणि वर उजळ. शिवाय शून्यातून सूर उगवावा आणि तो कधी सुरू झाला ते कळूच नये, ही करामत पाचांमध्ये क्लॅरिनेटला सगळ्यांत चांगली जमते. नवे संगीतकार तिचा भरपूर उपयोग करून घेतात.

हॉर्न पितळी. बाकीच्या चौघांमध्ये हा एकटाच पितळी वाद्यांच्या घराण्यातला, पण शतकानुशतकं त्यांच्यातच बसत आला आहे. गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे पावणेचार मीटर भरते. नळीचं कर्ण्यासारखं तोंड मागच्या बाजूला असतं आणि वादकाचा उजवा हात त्या तोंडात. म्हणजे हॉर्नचा सूर आधी मागच्या भिंतीवर जातो आणि मग आपल्याकडे येतो, म्हणून तो किंचित दुरून आल्यासारखा वाटतो. हातानं तोंड घट्ट बंद केलं की तोच आवाज एकदम नाकातला, करकरीत होतो.

बासूनची नळी सुमारे अडीच मीटर, दुमडून उभी केलेली. यालाही दुहेरी पात, पण ती एका वाकड्या धातूच्या नळीच्या टोकाला. तळाचे सूर याच्याकडे. बासून म्हणजे विनोदी वाद्य असा एक समज आहे, तो सोडून द्या. वरच्या पट्टीत बासून गायला लागला की त्यात एक ताणलेली, दाटून आलेली आर्तता असते, आणि ती फ्लूटला किंवा क्लॅरिनेटला आणता येत नाही.

आवाज पाठ करायचा सोपा उपाय म्हणजे प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराची १९३६ ची ‘पीटर अँड द वुल्फ’ ही मुलांसाठीची रचना. तिच्यात पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बासून आणि लांडगा म्हणजे हॉर्न. विंड क्विंटेटची पाचही वाद्यं यात नावानिशी भेटतात. मुलांची गोष्ट म्हणून कमी लेखू नका. लोकलच्या प्रवासात दोनदा ऐकली तरी आवाज डोक्यात बसतात.

एकच रचना घ्या आणि तिच्याशीच राहा

हा प्रकार जुना आहे. अंतोन रायखा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चोवीस क्विंटेट लिहिले, त्याच काळात फ्रांत्स डान्झी यांनी नऊ लिहिले, आणि तिथून हा संच रूढ झाला. पण तुम्ही रायखापासून सुरुवात करून क्रमानं पुढे यायच्या भानगडीत पडू नका. समकालीन ऐकायचं असेल तर थेट तिथेच उडी घ्या, मात्र उडी छोटी असू द्या.

त्यासाठी माझी निवड ग्यॉर्गी लिगेती यांच्या ‘सहा बॅगाटेल’. बॅगाटेल म्हणजे छोटासा, हलका तुकडा. हंगेरीतल्या या संगीतकारानं १९५१ ते ५३ मध्ये पियानोसाठी ‘मुसिका रिचेर्काता’ नावाच्या अकरा छोट्या रचना केल्या. पहिलीत जवळजवळ एकच स्वर, दुसरा येतो तो अगदी शेवटी. पुढच्या प्रत्येक रचनेत एकेक स्वर वाढत जातो आणि अकराव्यात बाराही स्वर येतात. त्यांतल्या सहा त्यांनी १९५३ मध्ये विंड क्विंटेटसाठी उतरवल्या. सगळ्या मिळून बारा मिनिटांच्या आसपास. सत्तर वर्षांपूर्वीचं संगीत समकालीन कसं, असं कुणी म्हणेल. पण महायुद्धानंतरच्या नव्या संगीताचा उंबरठा ओलांडायला याहून चांगली पायरी मला माहीत नाही.

आता घरात पेटी असेल तर ती काढा. नसेल तर फोनवर कीबोर्डचं ॲप उतरवून घ्या. पहिली बॅगाटेल चारच स्वरांवर आहे: पांढरी एक, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी पाच (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक, तिथून उजवीकडे मोजा). पांढरी एकला सा धरलात तर सा, कोमल गंधार, शुद्ध गंधार आणि पंचम. जोग ऐकणाऱ्याला दोन्ही गंधारांचं नवल नाही. पण जोगात शुद्ध गंधार चढताना येतो, कोमल उतरताना, आणि दोघांमध्ये एक शिस्त असते. लिगेती ती शिस्त पाळत नाहीत. दोन्ही गंधार ते एकमेकांच्या अंगावर सोडतात. काळी दोन आणि पांढरी तीन एकदम दाबून बघा, ती टोचणारी धार ऐका. मग सा आणि पंचम धरून त्यावर आलटून पालटून एक-एक गंधार लावा. रंग हसरा, उदास, पुन्हा हसरा होत राहतो. दहा मिनिटं एवढंच करा.

मग पहिली बॅगाटेल लावा. ती मिनिटभराचीच आहे. चार स्वर आता तुमच्या बोटांत आहेत, त्यामुळे ‘सूर कुठले लागतायत’ हा प्रश्न मिटलेला असतो आणि कान मोकळा होऊन दुसरं काही ऐकू शकतो: तोच गंधार फ्लूटमध्ये कसा चमकतो, बासूनमध्ये कसा ठणकतो, एक तुकडा एका वाद्यावरून दुसऱ्यावर कसा उडी मारतो. भजनात एकानं ओळ सोडली की दुसरा ती वरचेवर झेलतो, ती चपळाई इथे आहे, फक्त ओळीच्या जागी कधी कधी दोनच सूर असतात.

ऐकण्याचा क्रम

पहिल्यांदा नुसतं लावा. हातात फोन नको, भाजी निवडत ऐकलं तरी चालेल.

दुसऱ्यांदा एकच वाद्य धरा आणि सहाही तुकड्यांत त्याच्याच मागे जा. मी बासून धरायला सुचवेन. तळाचं वाद्य असल्यामुळे सुरुवातीला ते सुटतं, पुन्हा सापडतं, आणि या शोधाशोधीतच कान तयार होतो. ते वाजत नसेल तेव्हा ते गप्प आहे हेही लक्षात घ्या. चेंबर संगीतात, म्हणजे अशा मोजक्या वादकांच्या संगीतात, कुणी कधी थांबायचं हा रचनेचाच भाग असतो.

तिसऱ्यांदा फक्त श्वास ऐका. चांगल्या ध्वनिमुद्रणात तो खरोखर ऐकू येतो, विशेषतः जोरकस सुरुवातीच्या आधी. तिसऱ्या बॅगाटेलमध्ये खाली सात सुरांचा एक झरझर फिरणारा तुकडा अखंड चालू असतो आणि वर संथ, लोकगीतासारखी चाल जाते. दोन्हींची लय एकमेकींना बांधलेली वाटत नाही. खालचा तुकडा अखंड वाटतो खरा, पण माणूस अखंड फुंकू शकत नाही, तेव्हा तो तुटू न देता कोण कुणाला कधी मोकळं करतं ते शोधा. या रचनेतला हा सगळ्यांत सुंदर भाग आहे असं मला वाटतं. चौथी बॅगाटेल सात मात्रांची आणि भन्नाट वेगाची आहे. रूपक ऐकणाऱ्याला सात नवे नाहीत, पण इथे खाली-भरी शोधू नका, अंगावर येणाऱ्या झटक्यांवर लक्ष ठेवा. पाचवी थोर हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. बार्टोक १९४५ मध्ये मायदेशापासून दूर, न्यूयॉर्कला वारले. हा तुकडा रात्री दिवे मालवून ऐका, त्याला दुसऱ्या कुठल्या तयारीची गरज नाही.

सहावीबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. १९५६ मध्ये बुडापेस्टला ही रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा फक्त पाच तुकडे वाजले. सहाव्यात लगतचे सूर एकमेकांवर घासणाऱ्या जागा जास्त होत्या, आणि तेव्हाच्या कम्युनिस्ट हंगेरीत असं कर्कश संगीत जाहीर वाजवणं धोक्याचं होतं. त्याच वर्षी त्या राजवटीविरुद्ध झालेल्या उठावानंतर लिगेती देश सोडून गेले. सहाही तुकडे एकत्र वाजायला १९६९ साल उजाडलं, तेही स्वीडनमध्ये. मघाशी पेटीवर काळी दोन आणि पांढरी तीन एकत्र दाबून जी धार ऐकलीत, तसल्याच जागांवर एका राजवटीचा आक्षेप होता. हे ठाऊक असल्यावर सहावा तुकडा ऐकताना माझा तरी अंगावर काटा येतो.

अनोळखी आवाज आले तर

पुढच्या काळातल्या रचनांत असे आवाज येतील की वाद्य बिघडलं की काय असं वाटेल. नुसती हवेची फुसफूस, फ्लूटच्या चाव्यांची सूर नसलेली टकटक, जीभ फडफडवून काढलेला खरखरीत सूर, ओबोतून एकाच वेळी निघणारे दोन-तीन फाटके स्वर. हे सगळं कागदावर लिहिलेलं असतं आणि त्यासाठी वादकांनी रियाझ केलेला असतो. हाइन्झ होलिगर हे स्वतः नामवंत ओबोवादक. त्यांनी १९६८ मध्ये विंड क्विंटेटसाठी ‘एच’ नावाची रचना केली. वाद्य आतून माहीत असलेला माणूस काय काय मागू शकतो ते तिथे कळतं. पण ती पहिल्या महिन्यात ऐकू नका.

अशा आवाजांना सामोरं जायचं तेही श्वासाच्या वाटेनंच. सूर ओळखता आला नाही तरी हवा जोरात जातेय की हळू, दाबून की सैल, हे कुणालाही कळतं. तेवढ्यावर पुढचं वाक्य झेलता येतं.

मुंबईत कुठे आणि कसं

नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, हे पहिलं ठिकाण. संस्था १९६९ ची, टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं, आणि २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं घर तिथेच आहे. ऑर्केस्ट्राचे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. तेव्हा बाहेरगावचे, परदेशचे वादक मुंबईत असतात, म्हणून छोट्या संचांच्या मैफलींवरही याच दिवसांत नजर ठेवा. जाहिरातीत दर वेळी ‘विंड क्विंटेट’ असं छापलेलं नसतं. ‘चेंबर’ हा शब्द शोधा आणि आत वाद्यांची यादी वाचा. संगीतकारांच्या नावापुढची सालंही बघा, त्यावरून संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज येतो. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तिथे आणि काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात काय चाललंय तेही अधूनमधून पाहावं. विंड क्विंटेट मुंबईत दर महिन्याला वाजत नाही, तेव्हा लागला की इतर बेत बाजूला ठेवून जा.

वेस्टर्नवाल्यांनी चर्चगेटला उतरून एनसीपीएची शेअर टॅक्सी धरावी किंवा हातात वेळ असेल तर मरीन ड्राइव्हनं चालत जावं. मेट्रो ३ नं येणाऱ्यांना विधान भवन स्टेशन जवळ पडतं. सेंट्रलवाल्यांनी सीएसएमटीहून टॅक्सी केलेली बरी. ऑफिस सुटून धावतपळत ऐन वेळेला पोहोचणं मात्र या संगीताला मानवत नाही. एक तर दार बंद झालं की पहिली रचना संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं, आणि दुसरं म्हणजे आपलाच श्वास फुललेला असला की दुसऱ्याचा ऐकू येत नाही. अर्धा तास आधी पोहोचा, चहा घ्या, कार्यक्रमाची पत्रिका वाचा.

तिकीट काढताना महागड्या जागेचा अट्टहास नको, पण फार मागेही बसू नका. इथे मायक्रोफोन नसतो. वादकांचे चेहरे दिसतील इतक्या अंतरावरची, मधल्या पट्ट्यातली जागा उत्तम. बहुतेक वेळा फ्लूट एका टोकाला आणि क्लॅरिनेट दुसऱ्या टोकाला असतो, बाकी तिघे मध्ये. मधल्या जागेवरून सगळे सारखे दिसतात.

सभागृहात काय बघायचं

सुरुवातीला एक जण सूर देतो, बाकीचे त्याला मिळवून घेतात. तो सूर बहुधा पांढरी सहा. इथे तानपुऱ्यासारखा तो मागे चालू राहत नाही. जुळवून झालं की तो निघून जातो आणि मग पाचही जणांना आपापल्या कानावर विसंबून राहावं लागतं. कार्यक्रमभर त्यांचं एकमेकांकडे बघणं चालू असतं ते उगाच नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. समोर कंडक्टर नाही, ठेका देणारं कुणी नाही, तरी पाच जण एका क्षणी सुरू कसे होतात? पहिला सूर यायच्या आधी कुणीतरी एक, पुष्कळदा फ्लूट किंवा क्लॅरिनेट, वाद्य किंचित वर उचलतो आणि नाकानं ऐकू येईल असा श्वास घेतो. तो श्वास जेवढा लांब, तेवढी पुढची लय संथ. तो झटक्यात घेतला की पुढचं द्रुत. श्वासाच्या टोकाला वाद्य खाली येतं, आणि तिथे पहिला सूर. म्हणजे लय आधी हवेत ठरते आणि मग वाजते. एका मैफलीत मी तिसऱ्या रांगेत होतो. संथ तुकड्याआधी क्लॅरिनेटवालीनं श्वास घेतला तो इतका सावकाश की शेजारच्या हॉर्नवाल्याची छातीही तिच्याबरोबर भरत गेलेली दिसली, आणि सूर उमटला तेव्हा तो दोघांचा होता की एकाचा, सांगता येईना. तुम्हीही नजर तिथेच ठेवा. वाक्य एकाकडून दुसऱ्याकडे जातं त्याच्या आधी घेणारा श्वास भरून तयार असतो, म्हणजे पुढे कोण बोलणार हे तुम्हाला सूर यायच्या आधी कळतं. समेवर येणाऱ्या गवयाबरोबर आपली मान आधीच हलायला लागते, तसा आनंद इथेही मिळतो. फक्त तो सापडण्याची जागा वेगळी.

दोन तुकड्यांच्या मध्ये जे चालतं तेही बघण्यासारखं. हॉर्नवाला वाद्य फिरवून आत साचलेलं पाणी काढतो. श्वासातली वाफ थंड पितळेवर निवून थेंब होते, ते हे पाणी. क्लॅरिनेटच्या नळीतून दोरी बांधलेलं फडकं ओढलं जातं. ओबोवाला चावीखाली पातळ कागदाचा कपटा सरकवून ओल टिपतो. मुंबईच्या दमट हवेतून एसीच्या कोरड्या हवेत आल्यावर लाकूड आणि पाती दोन्ही कुरकुरतात, म्हणून ओबो आणि बासूनवाल्यांच्या डबीत पातींचे पर्याय असतात आणि आज कुठली वाजवायची ते ऐन वेळी ठरतं. या सगळ्यात एखादं मिनिट जाईल. जाऊ द्या, तेवढ्यात मागचा तुकडा मनात पुरता बसतो.

टाळ्यांचं म्हणाल तर शेवटपर्यंत थांबा. आपल्याकडे जागा सुंदर घेतली की ‘क्या बात है’ तोंडून निघतं, आणि ती दाद खरी असते, पण इथे वादक पुढच्या श्वासाच्या तयारीत असतात. पत्रिकेत तुकडे किती आहेत ते आधी मोजून ठेवा. रचना खरोखर संपली की पाचही वाद्यं मांडीवर येतात आणि खांदे सैल होतात. तेव्हा हवी तेवढी दाद द्या, जोरात द्या.

मैफल संपल्यावर वादक पुष्कळदा बाहेर येतात. बोलायला संकोच करू नका. ‘छान झालं’ म्हणण्यापेक्षा एखादी नेमकी जागा विचारा: तिसऱ्या तुकड्यात तुम्ही श्वास कुठे घेतलात? असा प्रश्न विचारलात की वादक भरभरून बोलतात, आणि चार ओळींत जे कळतं ते पुस्तकांत मिळत नाही.

यानंतर काय ऐकाल

बॅगाटेल अंगवळणी पडल्या की लिगेतींच्याच १९६८ च्या ‘विंड क्विंटेटसाठी दहा तुकडे’ घ्या. इथे चार स्वर, सात मात्रा असले आधार राहत नाहीत. पहिल्या तुकड्यात सूर इतके दाट आणि इतके सावकाश सरकतात की कोण कधी आलं आणि कोण कधी थांबलं ते कळू नये अशीच योजना आहे. पण मांडणी सोपी आहे आणि ती आधी माहीत असली की वाट चुकत नाही. विषम क्रमांकाचे तुकडे सगळ्यांचे, सम क्रमांकाचे एकेकाला पुढे आणणारे: दुसरा क्लॅरिनेटचा, चौथा फ्लूटचा, सहावा ओबोचा, आठवा हॉर्नचा, दहावा बासूनचा. मध्येच फ्लूटवाला अल्टो फ्लूट किंवा पिकोलो उचलतो, ओबोवाला इंग्लिश हॉर्न (नावात हॉर्न असला तरी हा ओबोचाच खालच्या सुरांचा भाऊ). दहावा तुकडा अचानक तुटतो. स्वरलिपीच्या शेवटी लिगेतींनी लुईस कॅरल यांच्या ॲलिसच्या आरशापलीकडच्या गोष्टीतला हम्प्टी डम्प्टीचा ‘एवढंच, येतो’ असा तुटक निरोप छापला आहे, तेव्हा तो तसाच संपणार हे धरून चाला.

हे फारच कोरडं वाटलं तर थोडं मागे या, डॅनिश संगीतकार कार्ल नील्सन यांच्या १९२२ च्या क्विंटेटकडे. एका वादकाला फोन केला असताना त्यांना मागून कोपनहेगनच्या वादकांची तालीम ऐकू आली, आणि त्या आवाजांवर लुब्ध होऊन त्यांनी त्याच मंडळींसाठी ही रचना केली. शेवटच्या भागात एका चालीवरची रूपं येतात. त्यांत एक एकट्या बासूनचं आणि एक एकट्या हॉर्नचं. दमसास कशाला म्हणतात ते त्या हॉर्नच्या एकटेपणात ऐका. अगदी अलीकडचं काही हवं असेल तर व्हॅलेरी कोलमन यांचं ‘उमोजा’ लावा. त्या स्वतः फ्लूटवादक, १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘इमानी विंड्स’ या क्विंटेटच्या संस्थापक. आत शिरायला ही रचना फार मोकळी आहे, पहिल्याच ऐकण्यात हात धरते.

आणि घरात मुलं असतील तर लुचानो बेरिओंची ‘ओपस नंबर झू’ शोधा. १९५१ ची, १९७० मध्ये सुधारलेली. प्राण्यांच्या चार छोट्या गोष्टी, आणि त्या सांगायला निवेदक नाही, वादकच वाद्य तोंडातून काढून ओळी म्हणतात आणि पुन्हा फुंकायला लागतात. गोष्टी इंग्रजीत आहेत आणि सगळ्याच गोड नाहीत, म्हणून लावायच्या आधी प्रत्येक गोष्ट मुलांना मराठीतून सांगून ठेवा.